कुठले ओक?

चांगवन, दक्षिण कोरिया
३ मार्च २०२४

प्रिय दीपा,

जय भीम.

रविवारी तू आष्ट्याला घरी असतेस तेव्हा फोन स्पीकरवर असतो आणि आई मध्येच आमच्या नारीला मराठीतून जेवायचं विचारते. बाकीचे दिवस तू साताऱ्यात बँकेत. म्हणून ही मेल. पण लिहितोय पत्रासारखीच, पोस्टमनची पोरं आहोत आपण.

नागरिकत्वाची मुलाखत पास झालो. राष्ट्रगीत म्हणायला लावलं. शिरवळच्या कारखान्यात असताना आमचे कोरियन साहेब जेवणाच्या सुट्टीत गुणगुणायचे ते ऐकून ऐकून चाल पाठच होती, शब्द तुझ्या हेरिमवहिनीने करून घेतले. आता मुख्य गोष्ट. नव्या नागरिकाला इथे इथल्या पद्धतीचं आडनाव घेता येतं, आणि मी ओक हे आडनाव घ्यायचं ठरवतोय. हसू नकोस, सगळं वाच.

इथे आडनावं मोजकीच. निम्मा देश किम, ली नाहीतर पार्क. त्यामुळे नुसत्या आडनावावरून काही कळत नाही, त्याला मूळ गाव जोडलेलं असतं. आडनाव एक, गाव एक, तर भावकी एक. हेरिमचं आडनाव ओक. हे दुर्मीळच म्हणायचं, सगळ्या देशात मिळून पंचवीसेक हजार लोक असतील. मूळ गाव उइर्योंग, पण वस्ती जास्त करून आमच्या जवळच्या गोजे बेटावर. सासरे तिथलेच, जहाजाच्या कारखान्यात वेल्डर होते. ओक म्हणजे हिरवा मौल्यवान खडा. सासरे सांगतात, त्यांचा मूळपुरुष फार पूर्वी चीनमधून आला. दुसरीही एक गोष्ट लोक सांगतात. जुन्या राजघराण्याचं आडनाव 'राजा' असंच होतं. राज्य बुडालं, नवे राज्यकर्ते त्यांना शोधून मारायला लागले, तेव्हा काहींनी राजा या अक्षराला एक टिंब दिलं. त्याचं झालं ओक. एका टिंबावर जीव वाचला बघ. सासऱ्यांना ही गोष्ट आवडत नाही.

नारी जन्मली तेव्हा मी परदेशी नागरिक होतो, म्हणून तिला आईचंच आडनाव लागलं. शाळेत ती ओक नारी आणि मी मिस्टर कांबळे, इथल्या उच्चाराने खामबुल्ले. बाई दर वेळी विचारतात, आपण मुलीचे कोण? म्हणून मीही ओक लावतो. सासऱ्यांना विचारलं, ते म्हणाले खुशाल लाव. गाव मात्र मला माझं नवं लावता येईल. म्हणजे आष्टा. मी झालो आष्ट्याच्या ओकांचा मूळपुरुष! सध्या घराण्यात माणूस एकच.

जुन्या काळी इथे माणूस भेटला की विचारायचे, कुठले किम, कुठले ओक? आता ते फक्त कागदावर उरलंय.

तात्यांना हे कसं सांगायचं ते तू ठरव. मला भीती वाटते.

तुझा,
प्रशांतदादा


सातारा
१८ मार्च २०२४

प्रिय दादा,

जय भीम. मूळपुरुषाला साष्टांग दंडवत.

हसले, खूप हसले. माझ्या शेजारच्या टेबलाला ओक मॅडम बसतात. त्यांना म्हटलं, माझी भाची पण ओक आहे. बाईंचा चेहरा असा फुलला की काय सांगू. 'अगं बाई! कुठले ओक?' मी म्हटलं, गोजे बेटावरचे. त्यांना वाटलं कोकणात कुठे असेल. अजून शोधतायत.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "असलं कसलं गं नाव? प्वाट धरून वकल्यागत. ओक!" तिला एवढंच पुरलं.

तात्यांना मी घाबरतच सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तितं इचारत्यात का, कुठले म्हणून?" मी म्हटलं, दादा म्हणतो आता कुणी विचारत नाही. तर म्हणाले, "मग लाव म्हणावं. ओक लाव न्हाईतर बाभूळ लाव."

मला वाटलं होतं आपलं नाव टाकलं म्हणून ते रागावतील. मग हळूहळू बोलले. टपाल वाटताना ते स्वतः दारोदार विचारायचे, कुठले कांबळे? आष्ट्यात कांबळे काय थोडे आहेत? पत्र चुकीच्या दारात जाऊ नये म्हणून विचारायचे. पण वस्तीबाहेर कुणी नवा माणूस भेटला, त्याने नाव विचारलं, की त्याचं 'कुठले कांबळे?' वेगळं असायचं. उत्तर मिळालं की मनीऑर्डर घ्यायला पुढे आलेला हात थोडा मागे व्हायचा आणि तो माणूस पैसे ओट्यावर ठेवा म्हणायचा. "प्रश्न त्योच की गं," तात्या म्हणाले, "पर माजा येगळा आन् त्येंचा येगळा. जगात एक जागा तर असू दे, जितं माज्या पोराला कोन इचारनार न्हाई."

असं आहे. तेव्हा तू खुशाल ओक हो.

तात्या बरे आहेत. उजवा हात जरा आखडलाय, खाटेवर वाकडं झोपतात म्हणून. त्यामुळे या वेळी मेलला त्यांच्या हातच्या दोन ओळींचा फोटो जोडलेला नाही.

तुझी,
दीपा


चांगवन
९ एप्रिल २०२४

प्रिय दीपा,

तात्यांचं ते वाक्य हेरिमला भाषांतर करून सांगितलं. ती बराच वेळ भांडी घासत राहिली.

त्यांना माझ्या तोंडचं म्हणून सांग, इथे कुणी विचारत नाही. नक्की सांग.

भारतीय पासपोर्ट जमा केला. खिडकीतल्या बाईंनी कोपरा कापून, शिक्का मारून परत दिला. तो कापलेला पासपोर्ट मी नारीच्या चित्रांच्या फाइलमध्ये ठेवलाय. आडनावाचा अर्ज कोर्टात जातो. तो एका एजंटकडे दिला, इथे सगळे तसंच करतात. त्याने कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या घेतल्या आणि म्हणाला, आता विसरून जा. नव्या नावाचा दाखला झाला की नवा पासपोर्ट, मग भारताचा व्हिसा. दिवाळीला नारीला घेऊन येतो.

तात्यांना म्हणावं, हाताला तेल लावा आणि आळस सोडा. दोन ओळी हव्यात मला.

तुझा,
दादा


आष्टा
२ जून २०२४

दादा,

तेल लावून सुटण्यातला तो हात नाही. मार्चमध्ये तात्यांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. तुझी मुलाखत झालेली, पुढचे कागद व्हायचे होते, म्हणून आईने शपथ घातली आणि मी लपवलं. तुला फोनवर दिसायचे ते उशा लावून बसवलेले, डाव्या बाजूने. तू म्हणायचास तात्या कमी बोलतात, तेव्हा मी म्हणायचे, रुसलेत.

परवा दुसरा झटका आला. सांगलीच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. बोलणं अर्धंमुर्धं आहे, आईला कळतं, मला निम्मं कळतं. गिळताना त्रास होतो.

आता काही लपवत नाही. तू ये. मी रजा टाकून इथेच आहे.

दीपा


चांगवन
४ जून २०२४

दीपा,

मला येता येत नाही.

कसं लिहू तुला. जुना पासपोर्ट कापलेला, नवा नाही. नवा मिळायला नव्या नावाचा दाखला हवा, आणि तो माझ्याच मूर्खपणाने अडकलाय. कोर्टाचा हुकूम मेमध्ये आला होता. आडनाव ओक, बरोबर. मूळ गाव वाचलं आणि डोकं फिरलं. 'एपी आष्टा'.

माझ्या जन्मदाखल्यावर इंग्रजीत पत्ता आहे ना, ए/पी आष्टा, तालुका वाळवा. आपलं मुक्काम पोस्ट. एजंटला वाटलं तेच गावाचं नाव. त्याने ते जसंच्या तसं लिहिलं आणि मी न बघता सही केली. पोस्टमनच्या पोराला मुक्काम पोस्ट ओळखता आलं नाही.

मी लगेच दुरुस्तीचा अर्ज केला. तात्यांचं गाव चुकीचं कसं लागू देऊ? आता तो अर्ज कोर्टात आहे आणि त्याचा निकाल लागेपर्यंत दाखला नाही, दाखला नाही म्हणून पासपोर्ट नाही. आज अर्ज मागे घ्यायला गेलो. तर मागे घेण्याचाही अर्ज असतो. खिडकीवरचा मुलगा भला होता, त्याने दोनदा माफी मागितली. माझे वडील आजारी आहेत म्हटल्यावर त्याने विचारलं, त्यांचं नाव ओक का? मी म्हटलं, नाही. तर म्हणाला, मग नातं दाखवणारा कागदही लागेल.

मी इथे कुणाचा नागरिक आहे तेच मला कळत नाही. कंपनीत जातो, मशीन चालू करतो, बंद करतो. तू लपवलंस त्याचा राग नाही. तू सांगितलं असतंस तर मी पासपोर्ट दिला नसता, एवढंच डोक्यात फिरतं, आणि मग वाटतं हे तुला लिहू नये. लिहून गेलं.

दादा


आष्टा
१६ जून २०२४

दादा,

लिहिलंस ते बरं केलंस. मलाही तेच वाटतं रोज. त्यावर आता बोलायला नको.

एक चांगलं सांगते. एपी आष्टा मी तात्यांना सांगितलं आणि ते हसले. पहिल्या झटक्यानंतर पहिल्यांदा. तोंड एकीकडेच हसलं, पण पोट हलत होतं. आई धावत आली, तिला वाटलं ठसका लागला. "मुक्काम पोस्टाचं घरानं," असं काहीतरी म्हणाले आणि परत हसले. राहू दे रे ते नाव. कशाला दुरुस्त करायला गेलास? त्यांना फार आवडलंय.

मग डाव्या हाताने खूण करून कागद मागितला. पाटी पुढ्यात धरून, आईने कागद दाबून ठेवला आणि त्यांनी काहीतरी लिहिलं. मला बघू दिलं नाही. पाकीट स्वतः जिभेने चिकटवलं, अर्धं चिकटलं, उरलेलं आईने. पत्ता लिहायला मला दिलं, पण तू सांगशील तसा नाही. त्यांनी सांगितला तसा. 'श्री. प्रशांत केरू ओक, एपी आष्टावाले, कोरिया.' मी म्हटलं, तात्या, घर नंबर, गल्ली, काही नको का? तर मला येडी म्हणाले. आई सांगत होती त्यांचं: "आख्ख्या कोरियात ह्या नावाचा येकच मानूस. बटवडा चुकंल कसा?"

मी दुसऱ्या पाकिटात घालून नीट पत्त्यावर पाठवणार होते. पण त्यांनी धनाजीला बोलावून घेतला, आता आष्ट्याचं टपाल तोच वाटतो, तात्यांच्याच हाताखाली शिकला. त्याच्या हातात पाकीट दिलं आणि माझ्याकडे बघितलं. धनाजी मुकाट्याने घेऊन गेला. रस्त्यात त्याने इंग्रजीत पत्ता लिहून 'दक्षिण' तेवढं घातलं म्हणे. बाकी काही घालायची त्याची हिंमत झाली नाही.

तेव्हा वाट बघ.

दीपा


चांगवन
२१ जुलै २०२४

दीपा,

पत्र आलेलं नाही. इथल्या मोठ्या पोस्टात जाऊन आलो. आपल्या वडिलांचं पत्र आहे, पत्ता अपुरा आहे, म्हटलं. पोस्टातल्या बाईंनी संगणकावर बघितलं, साधं टपाल दिसत नाही म्हणाल्या. मी त्यांना समजावलं, या नावाचा देशात मी एकटाच आहे. त्या म्हणाल्या, पण आम्ही आडनावावरून टपाल वाटत नाही.

तात्या फोनवर रोज एकच विचारतात, ते मलाही कळतं आता. 'पोचलं?' मी म्हणतो अजून नाही. मग ते डोळे मिटतात. काय करू? त्यात काय लिहिलंय, तुला काहीच माहीत नाही का? आईला?

अर्ज मागे घेतला गेला. पण दाखला सप्टेंबरशिवाय होत नाही म्हणतात. एपी आष्टाच कायम होईल. नारी शाळेत सांगते, माझे बाबा एपी आहेत.

दादा


आष्टा
२४ जुलै २०२४

दादा,

पोचलं म्हण.

आईला वाचता येत नाही, मी बघितलं नाही. पण रोज वाट बघून ते खंगतायत. पाणीसुद्धा चमच्याने जातं. पोचलं असं लिही, नुसतं फोनवर नको, लिही. त्यांचा लिहिलेल्यावर विश्वास आहे. फोनवर सगळे बरं आहे बरं आहे करतात, असं ते म्हणायचे, आठवतं ना? मी वाचून दाखवीन. काय लिहिलं असेल ते सांगायला काय अवघड आहे? आजारी बाप पोराला काय लिहिणार?

दीपा


चांगवन
२६ जुलै २०२४

तीर्थरूप तात्यांस,

प्रशांतचा सविनय जय भीम.

तुमचं पत्र आज पोचलं. नुसत्या आडनावावर पोचलं, तुमचंच खरं झालं. इथल्या पोस्टमनने दारात येऊन हातात दिलं. डाव्या हाताने लिहूनही अक्षर वळणदार आहे. मी तीनदा वाचलं.

तुम्ही बोलावलंत, मी येतो. कागद होत आलेत. नारी तुमच्यासाठी चित्र काढतेय, तुमची लाल सायकल. औषध वेळेवर घ्या, आईला त्रास देऊ नका.

तुमचा,
प्रशांत


आष्टा
८ ऑगस्ट २०२४

दादा,

तुझं पत्र वाचून दाखवलं. पोचलं म्हटल्यावर त्यांचा चेहरा सुटला. पोस्टमनने दारात येऊन दिलं, यावर मान हलवली. मग 'तुम्ही बोलावलंत, मी येतो' इथे आले आणि त्यांनी डावा हात वर केला. थांब म्हणून.

"वाचलं न्हाई त्येनं," म्हणाले. एवढं स्वच्छ की मलाही कळलं.

मी म्हटलं, वाचलंय तात्या, तीनदा वाचलंय म्हणतो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जसे आपण लहानपणी प्रगतिपुस्तकावर आईचा अंगठा उठवून आणायचो तेव्हा बघायचे. रागावले नाहीत. तुझी कीव आली त्यांना, असं वाटलं.

आणि आज धनाजी पाकीट घेऊन आला. परत आलेलं. कोरियन शिक्के, परतीचा बाण, पत्ता अपुरा. बिचारा दारातच उभा होता, आत यायला तयार नव्हता. तात्यांनी ते हातात घेतलं, शिक्के एकेक बघितले, कुठून कुठे गेलं ते. मी फोडायला गेले तर म्हणाले, "ज्येचं हाय त्येनंच फोडायचं." आई चिडली. "जलमभर दुसऱ्याची पत्रं न फोडता वाटली, आता पोटच्या पोराचं येक फोडलं तर सरकार काय फाशी दील?" आणि तिनेच फाडलं. माझ्या हातात दिलं.

दादा, त्यात बोलावलेलं नाही. एकच ओळ आहे. पहिलीतल्या पोरासारखी अक्षरं, दोन शब्द एकमेकांवर चढलेले.

'खरं लिही. तिथं विचारतात का कुठले म्हणून?'

मी वाचलं तेव्हा ते भिंतीकडे बघत होते. मार्चपासून ते हेच धरून बसलेत. मी तुझ्या तोंडचं म्हणून सांगितलं होतं, त्यावर विश्वास ठेवला नव्हता त्यांनी. आणि आपण त्यांना काय पाठवलं? औषध घ्या, नारी सायकलचं चित्र काढतेय.

आता खरं काय ते लिही. जे असेल ते. उशीर करू नकोस. श्वास घरघरतोय, डॉक्टर आज येऊन गेले आणि मला अंगणात नेऊन बोलले.

दीपा


चांगवन
९ ऑगस्ट २०२४

तात्या,

विचारतात.

पहिल्या दिवसापासून विचारतात. दीपाला मी मार्चमध्ये लिहिलं की आता ते कागदावरच उरलंय, ते खोटं होतं. तिला ठाऊक नव्हतं, तिला बोलू नका.

नारीच्या शाळेत पालकांची यादी लागली. एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. तेही ओक, त्यांची नात नारीच्या वर्गात. इतके खूश होते. या भागात आपण थोडे, म्हणाले, कुठल्या शाखेचे, कितव्या पिढीचे? मी म्हटलं, भेटून सांगतो. शाळेच्या दारात भेटलो. माझा चेहरा बघून त्यांनी पुढे केलेला हात खिशात घातला. मग वाकून नमस्कार केला, सभ्य माणूस होता. मी सांगितलं, आष्टा ओक. ते म्हणाले, अच्छा, म्हणजे ओक नाही.

सासरेही तसे वाईट नाहीत. नारी आजारी पडली की बेटावरून बोटीने येतात. मी ओक लावू का विचारलं तेव्हा ते खुशाल लाव म्हणाले हे खरं, पण पुढेही बोलले होते. आडनाव लाव, गाव आमचं लावू नकोस. आष्टा मी तुमच्या मानासाठी लावलं असं तुम्हाला वाटलं असेल. ते होतंच. पण दुसरं लावायला मला परवानगी नव्हती. वर्षातून एकदा त्यांची सगळी भावकी डोंगरावर पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत काढायला जमते. हेरिम वर जाते, नारी वर जाते. मी खाली गाडीपाशी थांबतो. कुणी थांब म्हणत नाही. कुणी ये पण म्हणत नाही.

कंपनीत नवीन नावाचा बिल्ला लावला त्या दिवशी चौघांनी विचारलं. नाव जितकं दुर्मीळ तितकं जास्त विचारतात. किम घेतलं असतं तर कदाचित कमी विचारलं असतं, पण किमलाही विचारतात.

नारीला मात्र कुणी विचारत नाही, तात्या. तिचं आडनाव तिच्या आईचं, गावही आईचं. आपलं काहीच तिला लागलेलं नाही, म्हणून ती सुटली. हे लिहिताना मला आनंद व्हावा का रडू यावं, मला कळत नाही. दोन्ही होतंय.

तुम्ही मागितलेली ती एक जागा मला सापडली नाही. निदान तुम्हाला तरी वाटू दे की सापडली, म्हणून खोटं लिहिलं. पासपोर्ट अजून नाही. मी येऊ शकत नाही. तुमचं पत्र माझ्यापर्यंत येऊ शकलं नाही आणि मी तुमच्यापर्यंत.

माझ्यावर रागवा. पण जागे राहा.

प्रशांत


आष्टा
२० ऑगस्ट २०२४

दादा,

तात्यांना नेलं त्या दिवशी फोनवर तुझ्याशी धड बोलता आलं नाही. तुला पडद्यावर सगळं दिसत होतं, धनाजीने फोन धरला होता, मध्येच रेंज जायची. खांदा द्यायला पोस्टातले तिघे आले होते. तू दिसत होतास, कंपनीच्या कपड्यात.

तुझी मेल मी काल बघितली. नवव्या तारखेला संध्याकाळी तात्यांचा श्वास वाढला, रात्रभर आणि दुसरा दिवस सगळा मी फोनला हात लावला नाही. तू त्याच दिवशी लिहिलं होतंस. आधी उघडली असती तर त्यांच्या कानाशी वाचता आली असती, त्यांना कळत होतं शेवटपर्यंत. ते आता माझ्या वाट्याला आलं.

काल तात्यांचा जलदान विधी झाला. आज पाहुणे गेल्यावर मी आईला शेजारी बसवून तुझं पत्र सगळं वाचून दाखवलं. म्हटलं, त्यांना नाही तर तिला तरी. ती पाय पसरून, भिंतीला टेकून ऐकत होती. डोंगराखाली गाडीपाशी थांबतोस तिथे पदर तोंडाला लावला. नारीचं ऐकून म्हणाली, "सुटू दे. पोर तरी सुटू दे."

मला वाटलं झालं. मी फोन ठेवला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "दीपे, ते कुठले म्हणून इचारत्यात, बरं. मग ह्यो काय सांगतो त्यास्नी?"

मी म्हटलं, आष्टा सांगतो.

"आष्टा त्यास्नी काय म्हाईत? फुडं काय सांगतो? केरूचा हाय म्हणून सांगतो का?"

मी मेल परत उघडली, सगळी वाचली. तात्यांचं नाव तिथे कुणाला सांगतोस, असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. आई अजून जागी आहे, मघापासून दोनदा विचारून झालं. काय सांगू तिला?

दीपा